नख येतं, मग हे का नाही?

२०१९च्या श्रावणात आईला अटॅक आला आणि तो अटॅक होता हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. सोमवारचा उपास तिने संध्याकाळी सोडला आणि तासाभरात पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये, दुखायला लागलं. जबडा जड झाला, घाम फुटला. "पित्त झालंय, दुसरं काही नाही," म्हणत तिने ओवा चावला आणि आडवी झाली. मी तिच्या पाठीला बाम चोळला. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. बायकांना हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येताही येतो, हे मला माहीत होतं. तरी मी बाम चोळला आणि दिवा मालवला.

सकाळी न्हाणीघरापर्यंत जातानाच तिला धाप लागली, तेव्हा आम्ही हललो. अँजिओ झाली, डाव्या बाजूच्या मुख्य धमनीत स्टेंट पडला. टू-डी एको झाल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते, ३५ टक्के आहे. पुढच्या भिंतीचा काही भाग गेलाय."

चौथ्या दिवशी वॉर्डमध्ये आईने हे माझ्याकडून काढून घेतलंच.

"गेलाय म्हणजे? परत येणार नाही?"

"नाही."

"का गं? नख उपटलं तर येतं. केस येतात. गुडघा फुटला की नवी कातडी धरते. मग हे का नाही?"

मी तिला पाठ्यपुस्तकातलं वाक्य सांगितलं: हृदयाच्या स्नायूपेशी जन्मानंतर विभागत नाहीत. हेच वाक्य मी २६ वर्षं वर्गात सांगत आले होते, एका गुणाच्या प्रश्नात विचारत आले होते. आईने मान हलवली. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं, "पण का?"

त्या 'पण का'ला सहा वर्षं झाली. मी हृदयावर संशोधन करणारी नाही, मी शिकवणारी आहे. पण या सहा वर्षांत मी जे वाचलं, ते मुळात तिला उत्तर देता यावं म्हणून वाचलं.

बी.एस्सी.च्या मुलांना कोंबडीच्या भ्रूणाचं प्रात्यक्षिक असतं, त्यातलं एक दृश्य आधी सांगते. हॅचरीतून फलित अंडी आणायची, उबवणीच्या पेटीत ३८ अंशांच्या आसपास ठेवायची आणि ३३, ४८, ७२ तासांनी एकेक फोडून भ्रूण मिठाच्या पाण्यात काढून घ्यायचा. ३३ तासांच्या भ्रूणात हृदय म्हणजे एक साधी नळी असते. खरं तर दोन नळ्या असतात, डावी आणि उजवी, त्या मध्यरेषेवर येऊन एकमेकींत मिसळलेल्या असतात. मग ती नळी लांब व्हायला लागते, पण तिला जागा तेवढीच, म्हणून ती उजवीकडे वाकते आणि वाकता वाकता तिच्यातून कप्पे घडतात. ७२ तासांचं अंडं फोडलं की पिवळ्या बलकावर रक्तवाहिन्यांचं जाळं आणि त्यात एक लाल ठिपका टकटकताना दिसतो. ॲरिस्टॉटलनेही तिसऱ्या दिवशीचं अंडं फोडून तो हलणारा लाल ठिपका पाहिला होता आणि लिहून ठेवला होता. दर वर्षी वर्गात एक तरी मुलगी हे बघून एकदम गप्प होते. मी तिला घाई करत नाही.

या प्रात्यक्षिकात मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवणारी गोष्ट वेगळीच आहे. पोट, फुप्फुस, मेंदू हे अवयव आधी बांधून होतात आणि पुष्कळ नंतर कामाला लागतात. हृदयाला ती सवलत नाही. माणसाच्या गर्भात साधारण बावीस-तेविसाव्या दिवशी ते धडधडायला लागतं, तेव्हा त्याला झडपा नसतात, पडदे नसतात, चार कप्पे नसतात. घर बांधायचं आणि त्याच वेळी त्यात संसारही करायचा, असं ते चालतं. स्नायूपेशी एकीकडे आकसतात आणि दुसरीकडे विभागतात. गर्भात या दोन्ही गोष्टी एकत्र चालतात. जन्मानंतर त्यातली एक थांबते.

ती का थांबते, हाच आईचा प्रश्न होता.

आधी आईच्या छातीत त्या रात्री काय झालं ते. धमनी बंद झाली की वीस-पंचवीस मिनिटांत भिंतीच्या अगदी आतल्या थरातल्या पेशी मरायला लागतात. मग मरणाची लाट आतून बाहेर सरकत जाते आणि पाच-सहा तासांत त्या भागातलं वाचण्यासारखं बहुतेक सगळं संपतं. मोठ्या झटक्यात १०० कोटींच्या घरात पेशी जातात. मी बाम चोळत होते तेव्हा ती लाट चालू होती. हे मी आईला कधी सांगितलं नाही, इथेच पहिल्यांदा लिहिते आहे.

पुढचा आठवडा सफाईचा. रक्तातल्या भक्षक पेशी येऊन मेलेलं मांस उचलून नेतात आणि त्या दिवसांत भिंत इतकी नाजूक असते की ती फुटूही शकते. मग तंतू विणणाऱ्या पेशी कोलॅजेन घालायला लागतात आणि दीड-दोन महिन्यांत तिथे घट्ट, पांढरट व्रण तयार होतो. तो आकसत नाही, पण फाटतही नाही. माणसाच्या हृदयाला दर मिनिटाला सत्तर वेळा दाब सोसायचा असतो. नवीन स्नायू उगवेपर्यंत भिंतीतलं भगदाड उघडं ठेवून थांबणं त्याला परवडणारं नाही. व्रण झाला म्हणूनच आई जिवंत राहिली.

हृदयाच्या पेशी जन्मानंतर विभागत नाहीत, हे माझं वाक्यही पुरतं खरं नव्हतं. ते २००९ सालीच खोटं ठरलं होतं. मला मात्र ते दहा वर्षं उशिरा समजलं, याची मला खंत आहे.

स्टॉकहोमच्या करोलिन्स्का संस्थेतल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने हे मोजलं आणि ज्या मार्गाने मोजलं तो विसरता येण्यासारखा नाही. १९५५ ते १९६३ या काळात जमिनीवर अणुबाँबच्या इतक्या चाचण्या झाल्या की हवेतल्या कार्बन-१४चं, म्हणजे कार्बनच्या किरणोत्सारी प्रकाराचं, प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. १९६३च्या करारानंतर चाचण्या जमिनीखाली गेल्या आणि ते प्रमाण वर्षागणिक उतरत गेलं. हवेतला कार्बन झाडांनी घेतला, झाडं माणसांनी आणि जनावरांनी खाल्ली. पेशी विभागताना नवा डीएनए घडतो, त्यात त्या वर्षीचा कार्बन कायमचा बसतो. म्हणजे प्रत्येक पेशीवर तिच्या जन्माची तारीख कोरलेली असते. फ्रिसेन यांच्या गटाने मृत माणसांच्या हृदयांतल्या स्नायूपेशी वेगळ्या काढून ती तारीख वाचली. चाचण्यांच्या आधी जन्मलेल्या लोकांच्या हृदयांतही नंतरचा कार्बन सापडला. म्हणजे त्यांच्या हृदयात नंतर नव्या पेशी जन्मल्या होत्या. थोड्याच, पण जन्मल्या होत्या. पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. अख्ख्या आयुष्यात निम्म्याही बदलत नाहीत.

आईचा जन्म १९५१चा, भोरकडच्या डोंगरातला. तिच्या लहानपणीच्या आंबेमोहोरातही तो कार्बन उतरला असणार. तिच्या हृदयात ज्या काही नव्या पेशी आल्या, त्यांत नेवाडापासून कझाकस्तानपर्यंतच्या स्फोटांची नोंद असणार. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे येतात नव्या. तू नाही म्हणाली होतीस."

"येतात. दोनशेत एक, वर्षाला."

ती हिशेब करत बसली. तिने तो मला सांगितला नाही.

आता मासा. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळ्या आडव्या पट्ट्या, मत्स्यालयाच्या दुकानात स्वस्तात मिळणारा झेब्राफिश. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या संथ ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारा हा मासा. ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. दीडशे वर्षांनी अमेरिकेत ओरेगनमध्ये जॉर्ज स्ट्रायझिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत आणलं, कारण त्याची अंडी शरीराबाहेर वाढतात, भ्रूण काचेसारखा पारदर्शक असतो आणि हृदय घडताना सूक्ष्मदर्शकाखाली सरळ दिसतं. माझी ७२ तासांची कोंबडी जे अंडं फोडून दाखवते, ते हा मासा काहीही न फोडता दाखवतो.

२००२ साली बॉस्टनमध्ये केनेथ पॉस आणि सहकाऱ्यांनी मोठ्या झालेल्या झेब्राफिशच्या हृदयाच्या जवनिकेचा, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याचा, पाचवा हिस्सा कापून टाकला. त्याचं हृदय मोहरीएवढं, कप्पे दोनच. रक्त आलं, गोठलं, गुठळी बसली. आणि दोन महिन्यांत त्या गुठळीच्या जागी स्नायू उभा राहिला, धडधडणारा, बाकीच्या हृदयाशी ठोक्याला ठोका जुळलेला.

तो स्नायू आला कुठून, हे कळायला आणखी आठ वर्षं लागली. सगळ्यांना वाटत होतं की कुठेतरी मूळपेशींचा, म्हणजे ज्यांतून इतर पेशी घडतात त्या स्टेम सेल्सचा, साठा असेल. २०१० साली दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की तसला साठा नाही. जखमेच्या कडेच्या जुन्याच स्नायूपेशी आपल्या आतली आकसणारी चौकट सुटी करतात, काही काळ अपक्व होतात, विभागतात आणि पुन्हा चौकट बांधून कामाला लागतात. शेजारचा मेला म्हणून शेजारचाच उठतो. पुढे, हृदय कापण्याऐवजी त्याचा एक भाग गोठवून मारला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. ही जखम माणसाच्या अटॅकच्या जास्त जवळची, कारण मेलेलं मांस जागेवरच राहतं. तेव्हा माशातही आधी आपल्यासारखा कोलॅजेनचा व्रण तयार होतो आणि मग काही महिन्यांत तो विरत जातो. मासाही व्रण करतो. फक्त तो व्रणापाशी थांबत नाही.

आणि हे 'मासा' म्हटलं की आलं, असंही नाही. जपानच्या भातशेतीत मेडाका नावाचा मासा असतो, आकाराने आणि राहणीने असाच. त्याच्या हृदयाला इजा झाली तर आपल्यासारखाच व्रण उरतो.

पुण्यात या विषयावर काम चालतं हे मला उशिरा कळलं. ज्या रस्त्याने मी कित्येकदा गेले, त्याच रस्त्यावर. रस्ता गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाचा आणि संस्था वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या नावाची. बाहेरगावचे लोक हमखास घोळ घालतात. तिथे चिन्मय पात्र यांच्या गटाने झेब्राफिशच्या हृदयात जखमेनंतर वाढणाऱ्या सीसीएन२ए या प्रथिनाचा अभ्यास केला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार हे प्रथिन माशाचं हृदय भरून यायला मदत करतं. मला हे वाचून थांबावं लागलं, कारण या प्रथिनाचं आपल्यातलं भावंड मी दुसऱ्याच नात्याने ओळखत होते. सस्तन प्राण्यांत त्याचं नाव घट्ट तंतू साचण्याशी, व्रणाशी जोडलेलं आहे. एकाच कुळातलं प्रथिन, एका घरी भरून आणण्याच्या कामात, दुसऱ्या घरी व्रणाच्या. म्हणजे आपल्याकडे सामान नाही असं नसावं. ते कधी, कुठे, किती वेळ आणि कुणाच्या सोबतीने वापरायचं, त्यात फरक असावा. हे माझं मत आहे, निबंधातलं नाही.

हे मत मला उंदरांनीही दिलं. २०११ साली डॅलसमधल्या एन्झो पोरेल्लो, हेशम सादेक आणि एरिक ऑल्सन यांनी एक दिवसाच्या उंदराच्या पिल्लाच्या हृदयाचं टोक कापलं. तीन आठवड्यांत ते भरून आलं, माशासारखं. सात दिवसांच्या पिल्लात हाच प्रयोग केला तर व्रण झाला. एका आठवड्यात दार बंद होतं.

आपल्याकडे बाळाच्या पाचवीला सटवाई येते आणि कपाळावर काय ते लिहून जाते, म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. माझ्या वेळी आईने ठेवली होती, माझ्या मुलीच्या वेळीही तिनेच. उंदराच्या त्या पहिल्या आठवड्याबद्दल वाचताना मला तो पाट आठवला. या दिवसांत हृदयावर काय लिहिलं जातं, याचा थोडा माग सादेक यांच्या गटाने २०१४ साली काढला. गर्भात प्राणवायू कमी असतो. पहिल्या श्वासासरशी रक्तातला प्राणवायू एकदम वाढतो, पेशी ऊर्जा बनवण्याची पद्धत बदलतात आणि त्या नव्या पद्धतीत तयार होणारे तीव्र रेणू डीएनएला इजा करतात. इजा झालेली पेशी विभागणं थांबवते. पुढे त्यांनी मोठ्या उंदरांना हळूहळू फक्त ७ टक्के प्राणवायूच्या हवेत नेलं, आपल्या हवेत २१ टक्के असतो, तेव्हा हृदयाच्या पेशी काही प्रमाणात पुन्हा विभागायला लागल्या. दुसऱ्या एका गटाने २०१९ साली बोट थायरॉइडच्या संप्रेरकाकडे दाखवलं: शरीर उबदार ठेवायला जे लागतं, तेच पेशींना विभागण्यापासून रोखतं.

म्हणजे आईच्या 'पण का'चं उत्तर बहुधा इथे कुठेतरी आहे. आपण श्वास घेतला, उबदार झालो, दिवसरात्र जोरात धावणारं हृदय मिळवलं आणि त्या व्यवहारात हे सोडून आलो. माणसाच्या बाळातही ते दार काही काळ उघडं असावं. जन्मताच मोठा झटका आलेल्या एका युरोपीय बाळाचं हृदय काही आठवड्यांत पुन्हा नीट काम करू लागल्याची नोंद २०१६ साली प्रसिद्ध झाली.

इथे मला एक कडू गोष्ट लिहायची आहे. आई घरी आल्यावर काही महिन्यांनी एक नातेवाईक पत्रक घेऊन आले. स्टेम सेलची इंजेक्शनं, हृदय नवं करून देतो, काही लाख रुपये. त्यांचा हेतू चांगला होता. त्यांच्या डोळ्यांत आशा होती आणि आईच्याही डोळ्यांत ती उतरलेली मी पाहिली.

ती आशा मीही एके काळी वर्गात वाटली होती. २००१ साली पिएरो अन्वेर्सा आणि सहकाऱ्यांनी छापलं की अस्थिमज्जेतल्या पेशी सोडल्या तर उंदराच्या मेलेल्या हृदयात नवा स्नायू येतो. मी तो निबंध उत्साहाने शिकवला. २००४ साली दोन प्रयोगशाळांनी तोच प्रयोग केला आणि त्यांना तसं काही दिसलं नाही. तरी पुढची अनेक वर्षं त्या विचारावर पैसा, माणसं आणि रुग्ण लागत राहिले. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये हार्वर्डने त्या प्रयोगशाळेचे ३१ निबंध मागे घ्यावेत असं कळवलं, कारण त्यांत खोटी किंवा बनावट माहिती होती. या प्रकरणाचा मला राग येतो आणि तो ओसरत नाही. एखाद्या कारखान्याच्या यंत्राबद्दल खोटं बोललं तर यंत्र बंद पडतं. इथे मेलेल्या स्नायूच्या पलीकडे एक माणूस बसलेला असतो, त्याला दोन जिने चढायचे असतात.

मी ते पत्रक आईसमोरच वाचलं आणि तिला सांगितलं की आपल्या देशाच्या २०१७च्या नियमांनुसार रक्ताच्या आणि तशा ठरावीक आजारांसाठीचं रोपण सोडलं तर बाकी सगळं फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतं, पैसे घेऊन विकता येत नाही. तिने पत्रक घडी करून पोथीखाली ठेवलं. फाडलं नाही. मीही काढून घेतलं नाही.

खरं काम सावकाश चाललंय आणि ते अवघड आहे. २०१९ साली माउरो जाक्का यांच्या गटाने डुकरांच्या हृदयात एक छोटा आरएनए पोचवला. पेशी विभागल्या, व्रण लहान झाला, पंपिंग सुधारलं. मग काही आठवड्यांत त्यांतली बहुतेक डुकरं एकाएकी मेली, कारण विभागणं थांबलंच नाही आणि त्या अपक्व पेशींनी ठोक्याची लय मोडली. आधी मी हे एक अपयश म्हणून वाचलं. आता मला तो या विषयातला सगळ्यात प्रामाणिक निबंध वाटतो. हृदयात नुसतं मांस वाढून भागत नाही. आलेल्या प्रत्येक पेशीला शेजारणीचा ठोका ऐकू यायला हवा.

२०२५च्या जानेवारीत जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या गटाने प्रयोगशाळेत वाढवलेल्या हृदयस्नायूच्या पट्ट्या माकडांच्या आणि एका ४६ वर्षांच्या बाईच्या हृदयावर बसवल्याचं प्रसिद्ध केलं. तिला तीन महिन्यांनी दुसऱ्याचं हृदय मिळालं आणि काढलेल्या जुन्या हृदयावर ती पट्टी जगलेली, रक्तवाहिन्या धरलेली आढळली. हे मी आईला वाचून दाखवलं.

"ठिगळ," ती म्हणाली.

"हो, तसंच."

"ठिगळाला नुसतं चिकटून चालत नाही. मूळ कापडासोबत ते ताणलं गेलं पाहिजे. नाहीतर कडेला फाटतं." तिने आयुष्यभर गोधड्या शिवल्या आहेत. ते डुकरांचं प्रकरण मी तिला सांगितलेलं नव्हतं.

आता तिचं पंपिंग ४० आहे. गोळ्यांनी आणि उरलेल्या स्नायूच्या मेहनतीने ते पाच टक्के मिळवलेत. दर वर्षी एकोच्या पडद्यावर मी तो भाग शोधते. पातळ, थोडा उजळ, बाकीची भिंत आत येते तेव्हा जागेवर थांबणारा. आधी मला तिथे बघवत नसे. आता मी त्याला आधी शोधते, मग बाकीच्याला.

यंदाच्या आषाढात ती हट्टाने गावी आली. मामेभावाच्या खाचरात लावणी चालू होती. पाऊस थांबला होता, पाणी गढूळ, आवण्यांच्या जुड्या बांधावर टाकलेल्या. बांधापर्यंत यायला ती तीनदा थांबली. लहानपणी पहिल्या पावसात चढणीचे मासे याच खाचरांत यायचे, ती आणि तिचे भाऊ टोपलीने धरायचे, हे तिने वाटेत सांगितलं.

"तो तुझा मासा असला की दुसरा?"

"याच जातीच्या पाण्यातला. हाच की नाही, ते बघावं लागेल."

खाचराच्या कोपऱ्यात, पाणी पडतं तिथे, काहीतरी बारीक चमकून गेलं. आईला वाकता येत नाही, वाकलं की धाप लागते. ती काठी टेकून उभी राहिली.

"दिसतायत का गं?"

मी चपला बांधावर काढल्या, साडी खोचली आणि पाण्यात उतरले.